लग्नाचा जमाखर्च मांडवापूर्वी

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, ही म्हण प्रत्येक वाचकाच्या तोंडी आहे. तिचा अर्थ बहुतेक लोक असा घेतात की, ह्या दोन कामांस किती पैसा लागेल हे आधी कोणासच सांगता येत नाही. यास्तव अंदाज बांधण्याच्या खटपटीत पडू नये. हा अर्थ आम्हांस मान्य नाही. घराचा पाया खणताना खाली मुरूम लागेल की काळी माती, हे आधी कळत नाही हे खरे. परंतु लग्नाची गोष्ट तशी नाही. मुलगी जन्मास आली त्याच दिवशी आईबापांस ठाऊक असते की, वीसबावीस वर्षांनी हा खर्च दारात उभा राहणार आहे. आजारपण न सांगता येते, पाऊस न सांगता दडी मारतो, बैल न सांगता बसतो. लग्न मात्र सांगून सवरून येते. जो खर्च इतका आधी सांगून येतो, त्यासाठी आयत्या वेळी कर्ज काढावे लागावे ह्यात काहीतरी चुकते आहे. ते काय, आणि धाराशिव जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याने व मजुराने ते कसे सुधारावे, हा ह्या पाठाचा विषय होय.

शेतकरी उधळ्या आहे काय?

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. गावातील कर्जाची गोष्ट निघाली की, शहरचे शहाणे लोक म्हणतात, "ही माणसे लग्नात पैसा उधळतात म्हणून बुडतात." हे बोलणे फार जुने आहे, आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कुळांनी सावकारांची खते हिसकावून जाळली. त्या दंग्याची चौकशी करण्यासाठी सरकारने जे मंडळ नेमले, त्याने लग्नखर्चाचाही विचार केला व असा अभिप्राय दिला की, ह्या कारणास वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. कुणब्याच्या ऐपतीच्या मानाने लग्नाचा खर्च मोठा दिसतो खरा. परंतु असे प्रसंग क्वचित येतात, आणि कित्येक वर्षांचा हिशेब केला तर मनुष्याने संसारात जेवढा आनंद करावा त्याहून तो खर्च अधिक भरत नाही, असे त्या मंडळास आढळून आले.

आमच्या जिल्ह्याकडे पाहिले तरी हेच दिसते. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. २०१२ व २०१५ ह्या साली पाऊस रुसला, तेव्हा माणसांच्या पाण्यासाठी टँकर फिरले. २०२५ च्या सप्टेंबरात उलट झाले. परांडा व भूम ह्या तालुक्यांत पुराने उभी पिके व जनावरे नेली. भावाची गोष्टही अशीच. २०२१ साली सोयाबीन काही काळ क्विंटलास १०,००० रुपयांच्या आसपास गेले. पुढे २०२४ साली सरकारी आधारभूत भाव ४,८९२ रुपये असताना पुष्कळ शेतकऱ्यांस त्याहूनही कमी भावाने माल घालावा लागला. अशा ठिकाणी कर्जाचे खापर एका बुंदीच्या पंगतीवर फोडणे हा अन्याय होय.

मग ह्या पाठाचे प्रयोजन काय? प्रयोजन हे की, पाऊस व बाजारभाव आपल्या हाती नाहीत, आणि लग्नाचा हिशेब आपल्या हाती आहे. ज्या घरावर आधीच पिकाचे कर्ज आहे, त्या घरात लग्नाचे कर्ज नापिकीच्या वर्षी शिरले म्हणजे कुटुंब मोडकळीस येते. शेजारच्या लातूर जिल्ह्यात २०१६ व २०१७ ह्या दोन वर्षांत शेतकऱ्यांच्या तरुण मुलींनी, आपल्या लग्नाचा भार बापास सोसवणार नाही ह्या दुःखाने, जीव दिल्याच्या बातम्या साऱ्या महाराष्ट्राने वाचल्या. आपण घरास ओझे आहो असे एकाही लेकीस वाटू नये, ह्याहून हिशेबाची वही घालण्यास मोठे कारण आम्हांस सुचत नाही.

आधीचा रुपया व नंतरचा रुपया

दोन शेजारी कल्पू. दोघांसही मुलीच्या लग्नास दोन लाख रुपये हवे आहेत. पहिला पाच वर्षे आधी पोस्टात जातो व आवर्ती ठेवीचे, ज्यास लोक आरडी म्हणतात त्याचे, खाते उघडून दरमहा ३,००० रुपये भरू लागतो. २०२४ साली ह्या ठेवीचा दर सालाना ६.७ टक्के होता. त्या दराने पाच वर्षांत तो १,८०,००० रुपये भरतो आणि त्याच्या हाती सुमारे २,१४,००० रुपये येतात.

दुसरा शेजारी पाच वर्षे काही करीत नाही. लग्नास आठ दिवस उरले असता तो गावातील सावकाराकडून दोन लाख रुपये, शेकडा ३ रुपये महिना ह्या व्याजाने आणतो. "तीन रुपये शेकडा" हे ऐकावयास फार वाटत नाही; परंतु ते सालाना ३६ टक्के होतात. त्यास दरमहा ६,००० रुपये केवळ व्याज द्यावे लागते. चौतिसाव्या महिन्यात दिलेले व्याज मुद्दलाच्या पलीकडे जाते. पाच वर्षांत तो ३,६०,००० रुपये व्याज देतो, आणि दोन लाखांचे मुद्दल जागच्या जागी उभे असते. मांडव एकच, पंगत एकच; एकास ती १,८०,००० रुपयांस पडली, दुसऱ्यास ५,६०,००० रुपयांस.

येथे कोणी म्हणेल, "आमच्या घरात दरमहा तीन हजार शिल्लक पडत असते तर आम्ही कर्ज कशास काढले असते?" शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर नीट ध्यानात धरावे. ज्या घरातून लग्नानंतर दरमहा सहा हजार निघतात, त्याच घरातून लग्नापूर्वी तीन हजार निघत नाहीत, ह्याचे कारण काय? कारण हे की, कर्जाचा पैसा मागणारा दारात येऊन उभा राहतो. बचतीचा पैसा मागणारा कोणी नसतो. सावकाराच्या भयाने म्हैस विकली जाते, मुलाची शाळा सुटते, कोणी ऊसतोडीस जातो व मुकादमाकडून उचल घेऊन एका कर्जाचे दुसरे कर्ज करतो. तेव्हा सुधारणेची गुरुकिल्ली एवढीच आहे की, बचतीसाठीही कोणी मागणारा नेमावा. तो कसा नेमावा हे पुढे सांगू. प्रथम मागावयाचे किती, हे ठरविले पाहिजे.

वही कशी घालावी

साधी शंभर पानी वही घ्यावी व तिच्यात चार सदरे आखावी.

पहिले सदर, ज्यावाचून लग्न होत नाही ते. कायद्याने लग्नास काय लागते ह्याचा विचार केला, तर वराचे वय २१ पूर्ण, वधूचे १८ पूर्ण, दोघांची राजीखुशी, विधी, साक्षीदार व नोंदणी, एवढेच दिसून येते. ह्यास मंगल कार्यालय लागत नाही व घोडाही लागत नाही. ह्या सदराचा खर्च थोड्या हजारांत आटपतो.

दुसरे सदर, पाहुणचाराचे. सोयरे व भाऊबंद जेवू घालणे, वधूवरांस नवी वस्त्रे, मंगळसूत्र, संसाराची भांडी. हा खर्च आनंदाचा आहे व तो करावा. परंतु तो पानांच्या संख्येने मोजावा.

तिसरे सदर, दिखाव्याचे. डीजे, फटाके, वरातीचा घोडा, दहा पानी पत्रिका, गावभर लावलेले डिजिटल फलक, आणि पाहुण्यांस वाटावयाची ती टोपी, टॉवेल व शाल. ही टोपी कोणी घालीत नाही. ती एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहते. "भरल्या गाड्यास सूप काय जड?" असे म्हणून ह्या सदरात एकेक बाब वाढत जाते. सूप जड नसते हे खरे, पण सुपावर सुपे पडली म्हणजे गाड्याचा आस मोडतो.

चौथे सदर कोरेच ठेवावे. त्याचे नाव हुंडा. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याप्रमाणे देणारा व घेणारा दोघेही अपराधी आहेत. शिक्षा कमीत कमी पाच वर्षे कैद, आणि १५,००० रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतकी रक्कम ह्यांतील जी अधिक असेल तितका दंड. त्यास वरदक्षिणा म्हटले, पोशाख म्हटले किंवा "जावयास गाडी" म्हटले, तरी मागून घेतलेली वस्तू हुंडाच ठरते. जो सोयरा सुपारी फोडण्यापूर्वीच मागतो, तो पुढेही मागत राहील हे बापाने ओळखावे.

आता एक नमुना देतो. हे भाव केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे भाव घालावे.

जेवण, ४०० पाने, दर पानास १३० रुपये: ५२,०००
मांडव, बिछायत, भांड्यांचे भाडे, पाणी व वीज: २५,०००
बस्ता: ४०,०००
मंगळसूत्र व दागिना: ४५,०००
संसाराची भांडी: १५,०००
पत्रिका, छायाचित्रे, प्रवास व नोंदणी: ८,०००
अडीअडचणीसाठी राखीव: १५,०००
एकूण: २,००,०००

ह्या यादीत राखीव रकमेस अवश्य जागा द्यावी. अवकाळी पाऊस मांडवावर येतो, मूळ म्हणून सांगितलेली पन्नास माणसे सत्तर येतात, सोन्याचा भाव चढतो. ज्याच्या यादीत राखीव रक्कम नाही, त्यास शेवटल्या दिवशी सावकाराचे घर आठवते.

पैसा केव्हा येतो ते पाहून बाजूस काढावा

नोकरदाराचा पगार महिन्याचा असतो, म्हणून त्याची बचतही महिन्याची असते. शेतकऱ्याचे तसे नाही. त्याच्या घरी पैसा ढिगाने येतो व कणाकणाने जातो. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास, तुरीचा संक्रांतीच्या पुढे, ज्वारी व हरभऱ्याचा शिमग्याच्या आसपास. ज्याच्या घरी दुभते आहे त्यास डेअरीचे बिल ठरल्या दिवशी मिळते. भूम तालुक्यात कित्येक घरांत खव्याच्या भट्ट्यांमुळे दुधास गिऱ्हाईक दारातच असते. मजुरास आठवड्याच्या बाजारादिवशी पैसा दिसतो. म्हणून नियम असा करावा की, ज्या दिवशी पैसा हाती येईल त्याच दिवशी लग्नाचा वाटा बाजूस काढावा. आडतीवरून पट्टी घेऊन घरी येईपर्यंत तो वाटा राहत नाही. वाटेत कापडाचे दुकान असते, खतवाल्याची उधारी असते, आणि चहाच्या हॉटेलात मित्र असतात.

वरील दोन लाखांसाठी पाच वर्षे पुढे पाहणाऱ्या कुटुंबाची मांडणी अशी होऊ शकते. दुधाच्या बिलातून दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षास १२,०००. सोयाबीनच्या पट्टीतून दर दिवाळीस १५,०००. शेळ्यांतून वर्षास ९,०००. एकूण वर्षास ३६,००० रुपये. शेळीचे नाव आम्ही मुद्दाम घेतो. आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी साऱ्या देशात नावाजलेली आहे. ती कोरड्या रानातील झाडपाल्यावर जगते व पुष्कळदा जुळी करडे देते. मुलीच्या नावाने एक पाट पाळली व तिच्या बोकडांचा पैसा घरखर्चास न लावता खात्यात टाकला, तर ती शेळी बाजारास गेल्यावाचून बँकेचे काम करते.

दुधाचे हजार रुपये आरडीत पाच वर्षांत सुमारे ७१,००० होतात. सोयाबीन व शेळीचे २४,००० दर वर्षी मुदत ठेवीत टाकले तर पाच वर्षांत मुद्दलच १,२०,००० होते. दोन्ही मिळून व्याज धरता दोन लाखांचा पल्ला गाठला जातो. आता समजा एक हंगाम बुडाला व पंधरा हजार आले नाहीत. मग घाबरून सावकार गाठू नये, वही उघडावी. चारशे पानांची तीनशे वीस केली की १०,४०० रुपये वाचतात. बस्त्यातून पाच हजार कमी केले की तोंडमिळवणी होते. वही असली म्हणजे दुष्काळ यादीतील ऐंशी पानांवर भागतो; वही नसली म्हणजे तो एकराच्या तुकड्यावर येतो. त्याच वहीत आणखी एक नियम लिहून ठेवावा. उत्पन्नाचा अंदाज नेहमी पडत्या भावाने करावा, आणि चढता भाव मिळालाच तर जास्तीचा निम्मा पैसा लग्नाच्या खात्यात घालावा.

मुलगी लहान असेल तर काम याहून सोपे आहे. २०१५ सालच्या जानेवारीत सुरू झालेले सुकन्या समृद्धी खाते दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावाने पोस्टात वा बँकेत उघडता येते. वर्षास कमीत कमी २५० रुपये भरावे लागतात. पंधरा वर्षे भरणा करावयाचा व खाते एकविसाव्या वर्षी पिकते. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर लग्नासाठी ते बंद करता येते, आणि शिक्षणासाठी अर्धी रक्कम काढता येते. २०२४ साली ह्याचा दर ८.२ टक्के होता. तोच दर राहिला असे धरले, तर वर्षास ३,००० रुपये, म्हणजे दिवसास सुमारे आठ रुपये, भरणाऱ्यास ४५,००० रुपयांचे एकवीस वर्षांनी सुमारे १,४३,००० मिळतात. आणि ह्यातील शिक्षणाची सवलत विसरू नये. शिकलेली मुलगी हीच बापाची मोठी ठेव होय. तिच्या लग्नात मागणाऱ्यांचा आवाज आपोआप बसतो.

पैसा कोठे ठेवावा व मागणारा कोणास नेमावे

बचतीस मागणारा नेमावा असे आम्ही वर म्हटले. असा मागणारा गावात तयार आहे; तो म्हणजे बायकांचा बचत गट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. घरे पुन्हा उभारण्याच्या कामी स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या साह्याने गावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. घराघरांत जाऊन बांधकामाची माहिती देऊ लागल्या. ते काम संपल्यावर त्या घरी बसल्या नाहीत; त्यांनी बचतीचे गट बांधले. ज्या भागात बाईच्या हाती पैसा देण्याची रीत नव्हती, तेथे बायकांनी वह्या ठेवल्या, बँकेत खाती उघडली व एकमेकींस कर्जे दिली. दहावीस जणींच्या गटात ठरल्या दिवशी पैसे न भरणारीस नाव घेऊन विचारले जाते. हाच तो मागणारा. सावकार व्याजासाठी मागतो आणि घेऊन जातो. गट बचतीसाठी मागतो व परत देतो. गटाचे अंतर्गत कर्ज घेतले तरी त्याचे व्याज गटातच राहते.

घरातील मुलीसही ह्या वहीपासून दूर ठेवू नये. जिचे लग्न, तिला खर्चाचा आकडा ठाऊक नसावा ही रीत बरी नव्हे. हिशेब कळला म्हणजे ती स्वतःस ओझे समजत नाही. ती हिशेबात भागीदार होते, आणि पुष्कळदा तिसऱ्या सदरावर प्रथम तीच काट मारते.

ठेव ठेवताना पुढील गोष्टींची सावधगिरी बाळगावी. पोस्टातील ठेवीस सरकार जामीन आहे. बँकेतील ठेवीस, मग ती सहकारी बँक का असेना, २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस हे संरक्षण नाही. २०२३ पासून मराठवाड्यात काही बहुराज्य पतसंस्था बुडाल्या, आणि मुलींच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा अडकून हजारो कुटुंबे रडकुंडीस आली. दोन टक्के जास्त व्याजाच्या मोहाने मुद्दल घालवू नये. भिशी लावावयाची तर ओळखीच्या माणसांत, लहान रकमेची लावावी, आणि लग्नाचा सारा पैसा तिच्यात गुंतवू नये.

सोने थोडे थोडे घेऊन ठेवण्याची जुनी रीत वाईट नाही. परंतु दागिना घेताना घडणावळ जाते व मोडताना तूट येते, हे लक्षात ठेवावे. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांची खूण असलेलाच हॉलमार्कचा दागिना दुकानदारास विकता येतो. ती खूण पाहावी व पावती घ्यावी.

आणि सावकाराकडे जाण्याची वेळ आलीच, तर त्याच्यापाशी परवाना आहे काय हे विचारावे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे, आणि सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. शेताचे खरेदीखत लिहून देऊन लग्नाचा पैसा आणणे हे तर कधीच करू नये.

दोन व्याह्यांनी एका वहीवर बसावे

एकट्या वधूपित्याने कितीही काटकसर केली तरी वरपक्षाने साथ दिल्यावाचून ती टिकत नाही. म्हणून सुपारी फुटण्यापूर्वीच दोन्ही घरच्या वडील माणसांनी एकत्र बसून पाच गोष्टी ठरवाव्या व दोन्ही वह्यांत लिहाव्या: पाने किती, लग्न कोठे, कोणता खर्च कोणी करावयाचा, आहेर घ्यावयाचे की नाही, आणि वाजंत्री कोणती. खर्च निम्मा निम्मा वाटून घेणे सर्वांत उत्तम. साखरपुड्यातच लग्न उरकले तर एक मांडव, एक पंगत व एक बस्ता वाचतो. ही चाल आपल्याकडे चांगली रूढ होत आहे व ती वाढावी.

थोड्या खर्चाचे लग्न ही नवी कल्पना नव्हे. जोतीराव फुले ह्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरास त्या पद्धतीचा पहिला विवाह पुण्यात अगदी साधेपणाने झाला. तसेच, २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत लग्नास पन्नासच माणसांची परवानगी होती. २०२१ च्या एप्रिलात ती पंचवीस माणसे व दोन तास इतकी कमी झाली. त्या दोन वर्षांत आपल्या गावोगावी झालेली लग्ने लोक विसरले नाहीत. त्यांतील कोणते लग्न लहान पंगतीमुळे मोडले? जे भयाने करता आले, ते शहाणपणाने करण्यास अडचण कोणती?

सामुदायिक विवाह हाही एक मान्य मार्ग आहे. शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलींसाठी महाराष्ट्र सरकारची शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजना आहे. तिची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. सामुदायिक मांडवात लग्न करणे ह्यात कमीपणा नाही. कमीपणा वाटत असेल तर गावातील खात्यापित्या घरांनी आपलीही मुले त्याच मांडवात उभी करावी. मग तो वाटणार नाही.

परंतु येथे एक इशारा दिला पाहिजे. "थोरलीच्या मांडवात धाकटीचेही उरकून टाकू, एक खर्च वाचेल," असे पुष्कळ ठिकाणी म्हणतात. दोघी अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व राजी असतील तर ही काटकसर होय. धाकटी पंधरा सोळा वर्षांची असेल तर तो २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. लावणारास व हजर राहून उत्तेजन देणारास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत, मुलीस मागे कोणापाशी ठेवावे ह्या चिंतेने हा प्रकार विशेष घडतो. त्यांची चिंता खरी आहे. म्हणूनच आम्ही मंडळीतील व गावातील सुस्थितीतील कुटुंबांस विनंती करतो की, तोडणीच्या महिन्यांत अशा एखाद्या मुलीस आपल्या घरी ठेवून घ्यावे व तिची शाळा चालू ठेवावी. त्या मुलीच्या लग्नास ह्याहून मोठा आहेर दुसरा नाही.

गावाने मिळून करण्यासारखे एक कामही सांगतो. मोठी पातेली, परात, ताटे व सतरंज्या ह्यांचे भाडे प्रत्येक लग्नात द्यावे लागते. मंडळीने किंवा बचत गटाने वर्गणी करून हे सामान एकदाच घ्यावे व थोड्या भाड्याने द्यावे. भाडे गटास मिळेल, वधूपित्याचा खर्च कमी होईल, आणि गावचा पैसा गावात राहील.

मांडव दोन दिवसांचा असतो, संसार चाळीस वर्षांचा. ज्या जोडप्याच्या पहिल्या दिवाळीस बापाच्या दारात व्याजवाला उभा राहतो, त्याच्या लग्नातील बुंदी कितीही गोड असली तरी ती लवकरच कडू होते. जे पाहुणे जेवून गेले त्यांतील एकही हप्ता भरावयास येत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी पाच वर्षांच्या आत लग्न आहे, त्यांनी येत्या बाजारादिवशी वही आणावी. आणि ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे, त्यांनी त्याहून आधी पोस्टाची पायरी चढावी.

सायंकाळच्या बैठकीत विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या वर्षी झालेल्या एका लग्नाच्या खर्चाची वरील चार सदरांत विभागणी करा. तिसऱ्या सदरात किती रुपये गेले?

२. पन्नास हजार रुपये शेकडा ५ रुपये महिना ह्या व्याजाने घेतले, तर किती महिन्यांत व्याज मुद्दलाइतके होईल?

३. आपल्या घरी वर्षात कोणकोणत्या वेळी पैसा येतो? प्रत्येक वेळी लग्नाचा वाटा किती काढता येईल?

४. एक हंगाम बुडाला तर यादीतील कोणती बाब प्रथम कमी कराल, आणि कोणती कधीच करणार नाही?

५. पुढील लग्नसराईपूर्वी आपली मंडळी किंवा बचत गट मिळून कोणती एक गोष्ट करू शकेल?